सुपरवायझर नेमताना

कुटुंबोपचाराच्या प्रशिक्षणात सुपरवायझर नेमताना आपण आधी शिक्षण पाहतो. पीएच.डी. असेल तर उत्तम, एम.फिल. चालेल, एमएसडब्ल्यू म्हणजे नाइलाज. या उतरंडीला छेद देणारे काम अहिल्यानगर जिल्ह्यात उभे आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी घडवलेल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. केंद्रावर एकत्र येऊन त्या गावातले अनुभव मांडत, एकमेकींकडून शिकत; पुढे अनुभवी सेविकाच नव्या सेविकांना शिकवू लागल्या. डॉक्टरांचे ज्ञान पाठीशी होतेच, पण शिकवण्याचा अधिकार पदवीला बांधलेला नव्हता.

समुपदेशनातला दाखला गोव्यात सापडतो. ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांना नैराश्य आणि दारूच्या समस्येवरील अल्पकालीन उपचारांसाठी तयार केले. सत्रे ध्वनिमुद्रित होत, गटात ऐकली जात आणि ठरलेल्या निकषांवर त्यांना गुण दिले जात. आधी तज्ज्ञ हे गट चालवत, नंतर समुपदेशक स्वतः. हे उपचार परिणामकारक असल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून पदवी निरुपयोगी ठरत नाही. आत्महत्येचा धोका, तीव्र मनोविकाराची सुरुवात, घरातली मारहाण ओळखायला आणि पॉक्सोसारख्या कायद्याखालची जबाबदारी जाणायला पक्के शिक्षण लागतेच. पण नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासूने दिले, सून गप्प राहिली आणि प्रशिक्षणार्थीने ते तसेच सोडून दिले, हे त्याने सुपरवायझरसाठी लिहिलेल्या सत्राच्या अहवालात येत नाही. जे त्याच्या नजरेतून सुटले, ते तो लिहिणार कसे? शिवाय सुपरवायझर जितका मोठा, तितका अहवाल सफाईदार आणि चुका झाकलेल्या. नुसत्या अहवालावर सुपरव्हिजन करणाऱ्याची पीएच.डी. तिथे कामी येत नाही.

समाजकार्य महाविद्यालये आणि समुपदेशन केंद्रे यांनी म्हणून नेमणुकीच्या अटींत दोन गोष्टी घालाव्यात. सुपरव्हिजनचे स्वतंत्र प्रशिक्षण प्रत्येकाने घ्यावे, पीएच.डी.वाल्यांनीही. आणि कुटुंबाच्या संमतीने सत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा ऐकल्याशिवाय कोणीही शेरा लिहू नये. जोखमीच्या केससाठी वरिष्ठ तज्ज्ञ हाताशी असावा. आठवड्याची बैठक मात्र वीस वर्षे घरोघरी काम केलेल्या एमएसडब्ल्यूने चालवायला हरकत नसावी.