अंगठा तपासला, गहू कोणी तपासला?

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांच्या डोक्यावरचे केस एकाएकी गळू लागले, ही हकिगत वाचक विसरले नसतील. प्रथम डोक्याला खाज, मग हातात केसांचे पुंजके आणि थोड्याच दिवसांत टक्कल, असा तो प्रकार होता. आधी पाण्यावर संशय घेण्यात आला, मग बुरशीवर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकाराचा अभ्यास केला. १८ गावांतील २७९ माणसे बाधित झाल्याचे त्यांनी नमूद केले. रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य स्थानिक गव्हाच्या अनेक पटींनी अधिक असल्याचे दाखविले. आणि केस गळण्याचे मूळ त्या गव्हात आहे, असा निष्कर्ष मांडला.

आता हा गहू लोकांच्या घरी कसा आला, याचा विचार करा. तो चोरून आला नाही. शिधापत्रिकाधारकाने रेशन दुकानातील पॉस मशीनवर अंगठा ठेवला. दूर कोठेतरी असलेल्या संगणकाने त्या अंगठ्याच्या रेषा ताडून पाहिल्या. हा मनुष्य तोच आहे अशी खात्री झाली आणि मगच धान्य मापात पडले. गहू कोण खाणार, याची चौकशी काही क्षणांत झाली. तो कसला आहे, याची चौकशी मात्र डोकी उघडी पडल्यावर सुरू झाली. गरिबाचा अंगठा खरा की खोटा हे पाहण्यासाठी या राज्यव्यवस्थेने प्रत्येक दुकानात यंत्र बसविले; त्या गरिबाच्या ताटात काय पडते हे पाहण्यासाठी तिने तशी तत्परता दाखविली नाही. आमच्या मते यंत्रयुगातील राज्यकारभाराचे सारे मर्म या एका गोष्टीत आले आहे. पाहत्या यंत्राचे तोंड कोणाकडे वळविले आहे, हाच खरा प्रश्न होय.

आजकाल वर्तमानपत्र उघडावे तो नव्या यंत्राची वार्ता समोर येते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रमुख सत्या नडेला मुंबईस आले असता 'महाक्राइम ओएस' या पोलिसी प्रणालीची घोषणा झाली. नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहिलेली ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली राज्यातील ११०० ठाण्यांत नेण्यात येईल, असे सांगण्यात आले. म्हणजे मेहकर, चिखली, मलकापूर, खामगाव येथील ठाणीही त्यात आली. अशा वार्तांत यंत्राचा वेग सांगितलेला असतो, कंपनीचे नाव असते, मंत्र्यांचे छायाचित्र असते. ते यंत्र चुकले तर भोगणार कोण आणि दाद कोणापुढे मागावयाची, हे क्वचितच सांगितलेले असते. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो येथे स्मरावा. एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा थोर माणसाने सांगितली एवढ्यावरून ती मानू नका. तिच्यापासून लोकांचे हित होते की अहित, हे पारखून मग स्वीकारा. पूर्वी ग्रंथप्रामाण्य होते. त्याच्या जागी यंत्रप्रामाण्य बसवावयाचे असेल तर आपण धर्मांतर करून मिळविले काय?

वस्तुतः पाळत ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. कोणी कोणत्या वाटेने जावे, कोणत्या विहिरीवर घागर न्यावी, लग्नात वरात कोठपर्यंत आणावी, मुलाचे नाव काय ठेवावे, या सर्वांवर गावाचे डोळे होते. त्या डोळ्यांना वीज लागत नव्हती. घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली ती याच अनुभवातून. आपली माणसे मुंबई-पुण्याच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत गेली ती केवळ पोटासाठी गेली नाहीत. जेथे आपली जात कोणी विचारणार नाही अशा गर्दीत मिसळून जाण्यासाठीही गेली. अनोळखी राहणे ही ज्याला उंच घरात जन्म मिळाला त्याला गैरसोय वाटेल; आम्हांला ती मुक्तीची पहिली पायरी होती.

सरकारी पाळतही आपण पाहिलेली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेब व अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या मूळ साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात मुंबई पोलिसांच्या गुप्त सारांशांतील नोंदी आहेत. पाणी मागणारा, शाळा मागणारा हा महापुरुष कोठे काय बोलला हे टिपून घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने माणसे नेमली होती. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्यांच्या नोंदी तेवढ्याच काळजीने कोणी ठेवल्या होत्या काय? आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर मूल जन्मताच त्याच्या कपाळी गुन्हेगार हा शिक्का मारला: नोंदवही, हजेरी, गाव सोडण्यास परवाना. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. परंतु चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम पारध्यांच्या बेड्यावरच का जाते, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही पारधी बंधूला विचारून पाहावे.

म्हणूनच पोलिसांच्या नव्या यंत्राविषयी आमच्या मनात शंका येते. यंत्राला स्वतःची बुद्धी नसते. जुन्या कागदांवरून ते शिकते. जुन्या कागदांत ज्यांची नावे वारंवार आली, त्यांच्याकडेच ते पुन्हा बोट दाखविणार. फौजदाराच्या पूर्वग्रहाला उलटतपासणीत उघडे पाडता येते, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगू शकतो. यंत्राच्या पूर्वग्रहाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे कसे करावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात पोलिसांच्या हिस्ट्रीशीटविषयी बजावले की, मागास व वंचित समाजात जन्मले एवढ्यावरून निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे त्यात चढवू नयेत. जुनी दप्तरे या निकालाच्या कसोटीवर आधी स्वच्छ केली काय, हा प्रश्न यंत्र विकत घेण्यापूर्वी विचारावयास हवा होता.

आता अंगठ्याचीच गोष्ट घ्या. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आले. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ओळख मिळेल, असे तेव्हाचे आश्वासन होते. ती ओळख उपयोगाची नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कापूस वेचून, वीट थापून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्र ओळखत नाही. एक वृद्ध बाई आमच्याकडे कैफियत घेऊन आली होती. तिचे म्हणणे एवढेच होते, "साहेब, माझा अंगठा लागत नाही म्हणतात. आता या वयात मी दुसरा अंगठा कोठून आणू?" तिचे श्रम तिच्या बोटांवर लिहिलेले होते आणि त्या श्रमांचीच तिला शिक्षा होत होती. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुमताने उचलून धरला, तथापि पडताळणी जमली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडू नये, हेही त्याच निकालात आले. आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून रेशनबाबत हीच गोष्ट कळविली होती. त्या बाईला हे कोणी सांगितले नव्हते.

धर्मांतराच्या बाबतीत तर हा डोळा अधिकच रोखलेला दिसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा कोणी जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी मागितली नव्हती. गुजरात सरकारच्या गृहखात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासही त्या राज्याच्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल, असे स्पष्ट केले. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' राहू दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये धर्मांतरविषयक कायद्याचा विचार करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली तिच्या प्रमुखपदी पोलीस महासंचालकांना बसविण्यात आले. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य घटनेच्या अनुच्छेद २५ ने दिले आहे. त्याचा विचार करावयास पोलीस प्रमुख लागतो, यावरून शासनाची दृष्टी कळून येते.

प्रजेला असे पारदर्शक केले जात असता राज्यकर्त्यांनी स्वतःपुढे मात्र पडदा ओढून घेतला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या हक्काच्या रक्षणार्थ म्हणून २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या पसंतीच्या शासकीय यंत्रणा त्या कायद्यातून वगळण्याचा अधिकार दिला. आणि कलम ४४ ने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून टाकले. व्यापक लोकहित असल्यास वैयक्तिक माहितीही द्यावी, अशी त्या कलमात तरतूद होती. ती गेली. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. ज्या खाजगीपणाने नागरिकाचे रक्षण व्हावयाचे, तो आता अधिकाऱ्याच्या दप्तराला मिळाला. कुंपणच शेत खाते म्हणतात ते याला.

एल्गार परिषद खटल्यातील आरोपींच्या संगणकांचे प्रकरण वाचकांना ठाऊक आहे. रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरून कागद पेरण्यात आले, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. पेगॅसस प्रकरणी न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच होती असा निर्णायक पुरावा मिळाला नाही. आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. त्याच एल्गार खटल्यात प्रा. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, तपासयंत्रणेच्या स्वाधीन झाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, जामिनावर बाहेर आले. मधली अडीच वर्षे त्यांना कोण परत देणार?

यावर कोणी म्हणेल की, तुम्ही यंत्राचे वैरी आहात. तसे नाही. बाबासाहेबांनी गांधीवादाची समीक्षा करताना स्पष्ट सांगितले होते की, दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत वापरले जाते तिचा आहे, आणि श्रमिकाला फुरसत मिळवून देणारे यंत्रच आहे. शिष्यवृत्ती व रोजगार हमीची मजुरी थेट बँकेच्या खात्यात येऊ लागली तेव्हा गावच्या पुढाऱ्याच्या हातून पैसे घेण्याची लाचारी बरीच कमी झाली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचे भांडण यंत्राच्या दिशेशी आहे. अंगठ्याकडे वळविलेले ते तोंड गव्हाकडेही वळवा, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि हे मागणे केवळ लेख लिहून पुरे होणार नाही. कायद्यात आपल्यासाठीही एक डोळा ठेवलेला आहे. तो आपण उघडलेला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम २७ रेशनव्यवस्थेचे दप्तर लोकांस पाहावयास खुले ठेवावयास सांगते. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाची तरतूद करते. कलम २९ प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती नेमावयास सांगते व तीत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना योग्य प्रतिनिधित्व असावे असे म्हणते. आपल्या गावच्या दक्षता समितीत कोण आहे, ती शेवटची कधी भरली, हे वाचकांपैकी किती जणांना सांगता येईल? तिची बैठक भरत नसेल तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या. आलेल्या धान्याचा नमुना पाहण्याचा आग्रह धरा. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारले तर तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. कारण लेखी मागा, आणि कलम ८ मधील अन्नसुरक्षा भत्त्याची आठवण करून द्या. माहितीच्या अधिकाराचे कलम ८(२) शाबूत आहे. त्याखाली लोकहिताचा मुद्दा आजही मांडता येतो, तो मांडा. ज्या विहारात दर रविवारी वंदना होते, तेथे वंदनेनंतर अर्धा तास या कामाला दिला तर तेही धम्मकार्यच होईल. मुले लिहितील, वडीलधारी सही करतील.

पाळतीचे खरे बळ भीतीत असते. आपल्याला कोणी पाहत आहे या जाणिवेने मनुष्य आधी बोलणे सोडतो, मग विचार करणे सोडतो. १९५६ साली आपण जे केले ते दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत केले. लपविण्यासारखे आपल्यापाशी काही नव्हते आणि आजही नाही. ज्यांनी शेगावच्या लोकांना तो गहू पाठविला त्यांनाही आपले दप्तर असेच उघड्यावर ठेवता येईल काय, हे वाचकांनी पुढच्या महिन्यात अंगठा ठेवण्यापूर्वी दुकानात मोठ्याने विचारावे.