उगाच फिरायचा हक्क

मे महिना हा सुट्टीचा महिना, असे आपण सगळेच म्हणतो. पण कुणाच्या सुट्टीचा? शाळा बंद म्हणजे मुले दिवसभर घरात. आते-मामे भावंडे मुक्कामाला, म्हणजे पोळ्यांची चवड दुप्पट. त्यातच पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांची वाळवणे. तिखट कांडून आणायचे, लोणची घालायची, धान्याला ऊन दाखवून ते कोठीत भरायचे. गावात विहिरीने तळ गाठला असेल तर टँकरच्या रांगेत हंडे लावायचे. घराची सुट्टी बाईच्या कामावर साजरी होते. तिच्यापुरता उन्हाळा हा कामाचा हंगाम असतो.

अशा मे महिन्यात चार मैत्रिणींनी मिळून दोन दिवस कुठेतरी जायचे ठरवले, तर घरात पहिला प्रश्न येतो, "कशाला?" दुसरा येतो, "बरोबर कोण?" पैशांचा प्रश्न तिसरा. 'कशाला'ची चालणारी उत्तरे ठरलेली आहेत. लग्न आहे, बारसे आहे, कुणाचा दहावा आहे, कुलदैवताला जायचे आहे, माहेरी आई आजारी आहे, गटाच्या कर्जासाठी बँकेत जायचे आहे. ही कारणे चालतात, कारण प्रत्येक वेळी बाई कुणासाठी तरी जाते. "मला नदीकाठी बसायचे आहे, मैत्रिणींशी बोलायचे आहे, झाडाखाली झोपायचे आहे," हे मात्र कारणच नसते. त्याला आपल्याकडे एक शब्द आहे, 'उगाच'.

मैत्रिणींनो, या 'उगाच'साठी मला भांडायचे आहे.

आपल्या समाजाने बाईला चालायला बंदी केली, असे म्हणता येत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत जवळजवळ अडीचशे किलोमीटर बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात. वाटेत हसतात, फुगड्या घालतात, मोकळ्या रानात विसावतात. वारीने बायकांना दिलेले हे मोकळेपण खरे आहे आणि मोलाचे आहे. पण तेच पाय विठ्ठलाचे नाव न घेता गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत गेले, तर "कुठे भटकतेस?" वटपौर्णिमेला वडाला फेरे घालायला कुणी अडवत नाही. एरवी त्याच वडाच्या पारावर बाई अर्धा तास नुसती बसली तर गावभर चर्चा. पार पुरुषांचा, कट्टा पुरुषांचा, चहाची टपरी पुरुषांची. तिथे बसलेल्या पुरुषाला कुणी कारण विचारत नाही. आपल्या आज्या-पणज्या हुशार होत्या. मंगळागौर, भोंडला, नागपंचमीचा झोका अशी देवाधर्माची नावे पुढे करून त्यांनी आपला खेळ आणि आपल्या मैत्रिणी जपल्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपण आजही देवाच्या आडूनच बाहेर पडायचे का?

बाईकडे वेळ का नसतो, याचा हिशेब आता सरकारनेच मांडला आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामात स्त्रियांची दिवसाची २९९ मिनिटे जातात असे दिसले. जे पुरुष घरकामाला मुळात हात लावतात, त्यांची जातात ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली, पुरुषांची ८८ वर. म्हणजे आपली दहा मिनिटे कमी झाली आणि त्यांनीही तेवढ्यात आपली नऊ कमी करून घेतली! मुलांचे, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे करण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो वेगळा. पगाराची नोकरी करणाऱ्या बाईला हे सगळे कामावरून आल्यावर करायचे असते. तेव्हा "बायकांना फिरायला वेळ कसा मिळतो?" असे विचारणाऱ्याला आपण उलट विचारले पाहिजे, "तुम्हाला कट्ट्यावर बसायला वेळ कसा मिळतो? तो कुणाच्या वेळातून काढलेला आहे?"

विश्रांती हा लाड आहे असे मानणाऱ्यांनी कागद उघडून पाहावेत. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या २४व्या कलमात प्रत्येकाला विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क दिला आहे. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसे' करून घ्यायला भारताच्या हंसाबेन मेहता कारणीभूत झाल्या. म्हणजे विश्रांतीच्या हक्कात बाई धरलेली आहे, आणि तिला धरायला लावणारी एक भारतीय बाईच होती. आपल्या राज्यघटनेचे ४३वे कलमही कामगाराच्या मजुरीपाशी थांबत नाही, त्याच्या फुरसतीचीही जबाबदारी शासनावर टाकते. घरात राबणारी बाई कामगार आहे की नाही, एवढाच काय तो प्रश्न. त्याचे उत्तर स्त्री-चळवळीने कधीच दिले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. "दिवस वाईट आहेत, बायकांनी एकट्यादुकट्या फिरू नये." काळजी खरी असते, हे मी नाकारत नाही. पण आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत स्त्रियांवरील गुन्ह्यांचा सर्वांत मोठा गट वर्षानुवर्षे एकच आहे, तो म्हणजे नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ. बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. समुपदेशन केंद्रात काम करताना मी हेच रोज पाहते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मार बसलेला असतो तो चार भिंतींच्या आत. तरीही 'सातच्या आत घरात' हा नियम बाईलाच. धोका बागेत असेल तर बागेत दिवे लावा, माणसांची वर्दळ वाढवा. बाईला घरी बसवून बाग सुरक्षित होत नाही, ती फक्त बाईविना राहते.

याच कामात मैत्रीची किंमतही कळते. छळाच्या कहाण्या ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हात उगारण्याच्या कितीतरी आधी त्याने तिच्या मैत्रिणी तोडलेल्या असतात. "ती चांगली बाई नाही, तिच्याशी बोलू नकोस." "सारखी फोनवर काय असतेस?" लग्नानंतर पुरुषाचे शाळेतले मित्र टिकतात, बाईच्या मैत्रिणी मात्र नवऱ्याच्या मित्रांच्या बायका होतात. मग संकटात विचारले की "तुझे कोण आहे?" तेव्हा ती माहेरचे नाव सांगते, आणि माहेर म्हणते, "सांभाळून घे." बाईच्या मैत्रीत किती बळ आहे, हे तोडणाऱ्याला बरोबर कळते. आपल्याला ते कधी कळणार?

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. "हे मध्यमवर्गीय बायकांचे चोचले आहेत. जिला संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत तिला सहल कसली?" हा आक्षेप ऐकला की मला राग येतो, कारण तो गरीब बाईच्या नावाने तिचाच हक्क काढून घेतो. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगाराबरोबर त्यांनी रजाही मागितली होती. रजेचे मोल त्यांना कुणी शिबिरात शिकवले नव्हते. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या करारात लिहिले आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे. आणि ही मालकीण कधीकधी आपल्याच बैठकीत मुक्तीची गाणी म्हणत असते, हेही बोलले पाहिजे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला एका दिवसाच्या खाड्याचा दंड बसतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. पाळीत चार दिवस बसता येत नाही, हा धागा त्या दुखण्यातही होता. विश्रांती नाकारली की ती अशी शरीरावर येते. फुरसतीची सर्वांत जास्त गरज तिला आहे, आणि 'चैन' म्हणून आपण तिच्याच यादीतून ती खोडतो.

तिसरी अडचण आपल्या संस्थांची. बायकांना दोन दिवस बाहेर न्यायचे असले की आपण तिला 'अभ्यास सहल' म्हणतो. सकाळी नऊ ते एक सत्र, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी अहवाल आणि मधल्या अर्ध्या तासात समुद्र! देणगीदाराला दाखवायला फलित लागते, म्हणून समुद्र पाहण्यालाही 'क्षमताबांधणी' म्हणायचे. घरात सासू कारण मागते, इथे प्रकल्प मागतो. फरक काय?

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या नऊजणी एसटीने वाईला गेल्या, मीही होते. वाईहून मेणवलीपर्यंत तीन-चार किलोमीटर सकाळच्या उन्हात चालत गेलो. कृष्णेच्या घाटावर बसलो, वाटेत करवंदे घेतली, घरून आणलेली दशमी-चटणी खाल्ली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बायका मला विचारत होत्या, "ताई, पुढचा कार्यक्रम काय?" कार्यक्रम काही नाही, हे पटायलाच वेळ लागला. मग एक जण झाडाखाली आडवी झाली आणि तीन तास गाढ झोपली. चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई. दिवसाउजेडी ती झोपलेली मुलांनी कधी पाहिली नव्हती, असे तिनेच नंतर सांगितले. दुसरीला घरून सारखा फोन, चहाची गाळणी कुठे आहे, साखर कुठे आहे. पाचव्या फोनला तिने फोन बंद करून पिशवीत टाकला, आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. या दोन दिवसांचा अहवाल मी लिहिलेला नाही आणि लिहिणारही नाही.

अशा प्रवासाचा खर्च आता थोडा हलका झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे. गाड्या बायकांनी भरल्या, तशी लगेच कुरकुर सुरू झाली, "अर्धे तिकीट झाले म्हणून बायका उगाच फिरतात." बघा, शब्द तोच आला! पुरुष पूर्ण तिकीट काढून उगाच फिरत होते, तेव्हा कुणाचे पोट दुखले नाही. इकडे बाजारानेही संधी साधली आहे. पर्यटन कंपन्यांच्या खास बायकांच्या सहली निघतात. फेटे बांधून फोटो, गाणी, खरेदी. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हजारो रुपये मोजून मिळते ती वस्तू झाली. हक्क एसटीच्या अर्ध्या तिकिटात आणि घराजवळच्या बागेत मिळाला पाहिजे.

बागेचे तरी काय आहे? पुण्यातल्या महापालिकेच्या अनेक बागांना दुपारी कुलूप असते. सकाळी बाग उघडी असते तेव्हा बाई डबे भरत असते, संध्याकाळी पुन्हा उघडते तेव्हा कणीक मळत असते. तिला मोकळा मिळतो तो दुपारचा दीड-दोन तास, आणि नेमका तेव्हाच दरवाजा बंद. वेळापत्रक ठरवताना कुणाचा दिवस डोळ्यांसमोर होता, हे वेगळे सांगायला नको. बाग उघडी असली तर स्वच्छतागृह नसते किंवा त्याला कुलूप असते. म्हणून घरून निघाल्यापासून पाणीच प्यायचे नाही, हे आपल्यापैकी कितीजणींनी केले आहे! मुंबईत २०११ पासून बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची चळवळ चालू आहे ती याचसाठी. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर' हे मुंबईतल्या बायकांवरचे पुस्तक आले. शहरात काही कारणाशिवाय रेंगाळण्याचा हक्क त्यांनी स्पष्ट मागितला. सार्वजनिक जागेवर पाय ठेवण्यासाठी लढावे लागते, हे महाराष्ट्राला १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याने शिकवले आहे. घटनेच्या १५व्या कलमात जात आणि लिंग हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, हे बागेच्या कुलपासमोर उभे राहून आठवावे.

तेव्हा आपल्या मागण्यांच्या यादीत हे लिहू या. बागा दुपारी उघड्या ठेवा आणि तिथे पाणी, सावली, चालू स्थितीतले स्वच्छतागृह द्या. घरकामगारांना आठवड्याची भरपगारी सुट्टी कायद्याने द्या, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी बाई कामाला येते त्यांनी कायद्याची वाट न पाहता ती या आठवड्यापासून द्यावी. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी वर्गणीतून वर्षाला दोन दिवस बाजूला काढावेत. त्या दिवसांना सत्र नको, पाहुणा नको, बॅनर नको. आणि घरी कुणी विचारले "कशाला?" तर बारसे किंवा देवदर्शन सांगू नये. खरे तेच सांगावे. "मैत्रिणींबरोबर चालले आहे. उगाच."