आवाज फाटतोय? आधी मागची वायर बघा!

पगार जरा बरा झाला की हल्ली आपल्यापैकी बरेच जण दोन गोष्टी घरी आणतात: एअर फ्रायर आणि टर्नटेबल. पहिल्याबद्दल मला काही बोलायचं नाहीये. दुसऱ्याची हवा मात्र जगभर आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबात रेकॉर्ड्सनी सीडींना मागे टाकलं, तेही १९८७ नंतर पहिल्यांदा! आता टर्नटेबल आलं म्हणजे वायरी आल्या, आणि वायरी आल्या की मला फोन येतो. वाक्य ठरलेलं असतं, ‘यार, आवाज फाटतोय. रेकॉर्ड खराब निघाली बहुतेक.’

मंडळी, रेकॉर्ड बिचारी क्वचितच खराब असते.

आमच्या टीममधल्या मैत्रिणीचंच बघा. वडील गेल्यावर त्यांच्या साठेक एलपी तिच्याकडे आल्या. तिने हौसेने नवं टर्नटेबल घेतलं, बाबांचाच जुना ॲम्प माळ्यावरून खाली काढला, लाल-पांढऱ्या पिना जोडल्या आणि भीमसेन जोशी लावले. तंबोऱ्याच्या जागी नुसती घरघर, आणि आवाज चढला की चरचर. दुसरी एलपी, तिसरी एलपी, तेच. ओळखीच्या रिपेअरवाल्याने फोनवरच निदान केलं, ‘मॅडम, सुई हलकी बसतेय. वर रुपयाचं नाणं चिकटवा.’ तिने सेलोटेप हातात घेतली होती. मला म्हणाली, ‘अरे, बाबांच्या सगळ्याच रेकॉर्ड्स गेल्या असतील का रे?’

मी म्हटलं, ‘आधी ते नाणं खाली ठेव.’

का, ते सांगतो. आजच्या बहुतेक सुयांना लागणारा सगळा भारच साधारण दीड ते साडेतीन ग्रॅम. रुपयाचं नाणं एकटंच तीन ग्रॅमच्या पुढे. म्हणजे भार जवळपास दुप्पट, आणि तो सोसायचा कोणी? बाबांच्या रेकॉर्डच्या खाचेने. दोष वायरीचा, शिक्षा रेकॉर्डला! वायर पाच मिनिटांत बदलता येते, झिजलेली खाच कुणालाच परत भरता येत नाही.

मग झालं काय होतं? त्यासाठी थोडं शास्त्र, घाबरू नका. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल असतो जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो दोन व्होल्टच्या आसपास. म्हणून जुन्या ॲम्पवर ‘फोनो’ नावाचं खास सॉकेट असतं. त्याच्या मागचं सर्किट हा चिमुकला सिग्नल साधारण शंभरपट मोठा करतं. शिवाय आणखी एक काम करतं. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील आणि एका बाजूवर फार कमी मिनिटं मावतील. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. ‘आरआयएए’ म्हणतात ती हीच मोजपट्टी. १९५० च्या दशकात ती सगळीकडे रूढ झाली.

आता गंमत अशी की हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये हे सर्किट आतच बसवलेलं असतं. मागे एक बारका स्विच असतो, ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा. मैत्रिणीचा स्विच होता ‘लाइन’वर आणि वायर होती ॲम्पच्या ‘फोनो’त. नाव तेच, मग चुकेल का कुणाचं? म्हणजे पाच मिलिव्होल्टची अपेक्षा असलेल्या सॉकेटमध्ये दीड-दोनशे मिलिव्होल्ट घुसत होते, पुन्हा शंभरपट व्हायला! खर्जही दोनदा वाढणार, वरचे सूर दोनदा कापले जाणार. फाटेल नाही तर काय होईल? ॲम्प बंद केला, वायर ‘ऑक्स’मध्ये घातली. पंडितजी जसेच्या तसे. ती बराच वेळ काही बोलली नाही.

उलटा घोटाळाही होतो. स्विच ‘फोनो’वर आणि वायर ‘ऑक्स’मध्ये. मग आवाज फाटत नाही, पण इतका बारीक आणि किरटा येतो की लोक व्हॉल्यूम पूर्ण वर नेतात. नंतर त्याच ॲम्पला फोन जोडला की स्पीकरची परीक्षा! तेव्हा काहीही जोडण्या-काढण्याआधी व्हॉल्यूम शून्य आणि ॲम्प बंद, एवढं पाळाच. आणि फाटका आवाज मोठ्याने लावून ‘नक्की काय होतंय’ हे ऐकत बसू नका. अशा वेळी स्पीकरमधला ट्वीटर आधी जातो.

शंका कुणावर घ्यायची हे कळत नसेल तर फोन किंवा सीडी प्लेअर ‘ऑक्स’ला लावून बघा. स्वच्छ वाजलं की ॲम्प आणि स्पीकर सुटले. सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर ते फाटणं नव्हे, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. टर्नटेबलची सुटी बारीक वायर ॲम्पच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला लावा. आत सर्किट असलेल्या बऱ्याच मॉडेल्सना ती वायर नसतेच, शोधत बसू नका. खर्ज गायब आणि गायक खोलीत नक्की कुठे उभा आहे तेच कळेना, असं असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरी तपासा. पांढरी आणि निळी डावीकडच्या, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. एखादी जोडी उलटी लागलेली असते. ॲम्पला ‘मोनो’ बटण असेल तर दाबा. गाणारा जवळजवळ नाहीसा झाला तर चोर सापडला.

एकच जोडणी मात्र खरोखर जीवघेणी आहे: ॲम्पच्या स्पीकरच्या टर्मिनलमधून वायर काढून दुसऱ्या ॲम्पच्या इनपुटमध्ये घालणं. चुकूनही नको.

हे सगळं ठीक असूनही फाटतंय? मग कधी फाटतंय ते ऐका. वायरीचा दोष पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखा असतो. सुरुवात छान आणि लेबलजवळ जाताना ‘स’, ‘श’ चरचरायला लागले, तर संशय सुईवर किंवा ती बसवण्याच्या कोनावर. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते, आत जाईपर्यंत वीसेक सेंटिमीटरवर येते. तेवढ्या कमी जागेत तेच सूर कोंबलेले असतात, आणि झिजलेल्या सुईला ते वाचता येत नाहीत. दुकानात जाताना कार्ट्रिजचा मॉडेल नंबर लिहून न्या. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये बहुतेक वेळा नुसती सुई ओढून काढता येते आणि नवी बसवता येते.