नुकसानीआधीचा पंचनामा
पुसेगावातील आपत्तीपूर्व नोंद चळवळीचा जाहीरनामा

आम्ही पुसेगावचे शेतकरी, शेतमजूर, गवंडी, शिक्षक आणि विद्यार्थी जाहीर करतो, की यापुढे आम्ही नुकसान होण्याची वाट पाहणार नाही.

पंचनामा आम्हाला चांगलाच ठाऊक आहे. पीक खरडून गेले, गोठा पडला, वीज पडून बैल दगावला, की जे उरले नाही त्याची नोंद होते. जे आज उभे आहे पण उद्या पडू शकते, त्याचीही नोंद हवी. ती आम्ही करणार.

21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी सकाळीच आपला हिंगोली जिल्हा हादरला. दोन्ही धक्के 4.5 तीव्रतेचे होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक तर कित्येक वर्षे जमिनीतून येणारे आवाज ऐकत आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंपाने जमीन हलवली, जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि धाब्यावरच्या मातीच्या ओझ्याने. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्याच कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले.

भूकंप आणि पाऊस आपल्या हाती नाहीत; भिंत, छत आणि ओढ्याचे पात्र आपल्या हाती आहेत. वीज साऱ्या शिवारावर कडाडते, पण जोखीम सर्वांत जास्त माळावर शेळ्या राखणाऱ्याची असते. म्हणून आमची मोजणी त्याच्यापासून सुरू होईल.

आमचे संकल्प :

1. प्रत्येक घराची भिंत, छत आणि तडे पाहू. म्हातारी माणसे, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला माणूस कुठे झोपतो, तेही लिहू.

2. ओढ्याचे पाणी पूर्वी कुठवर आले होते, हे जुन्याजाणत्यांना विचारून तिथे रंगाची खूण करू.

3. गवंड्यांच्या मदतीने धाब्यावरची जादा माती कमी करू. नव्या दगडी भिंतींत आरपार जाणारे जोडदगड आणि दारा-खिडक्यांवरून सलग काँक्रीटचा पट्टा घालण्याचा आग्रह धरू.

4. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप प्रत्येक गल्लीत निदान एकाच्या मोबाइलवर असेल. इशारा आला, की भोंग्यावरून सांगू. झाडाखाली कुणालाही थांबू देणार नाही.

5. 1972 चा दुष्काळ विसरणार नाही. विहिरींची पातळी दर महिन्याला लिहू.

6. या साऱ्या नोंदी एका वहीत ठेवू आणि ती वही प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचू.

शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मदतीइतकाच पूर्वतयारीचाही आहे. शाळा आणि अंगणवाडीच्या इमारतींची अभियंत्यांकडून तपासणी करा. आमच्या वहीला जिल्हा आराखड्यात जागा द्या. धोक्याच्या घरांना पडण्याआधी दुरुस्तीसाठी पैसा द्या.

या कामात पक्ष नाही, जात नाही, वाडा आणि वस्ती असा भेद नाही. कुणाचे घर कच्चे निघाले, तर ती त्याची नामुष्की नाही, साऱ्या गावाची जबाबदारी आहे.

गावकऱ्यांनो, आज रात्री झोपण्यापूर्वी डोक्यावरचे छत एकदा नीट पाहा. जे दिसेल ते येत्या ग्रामसभेत सांगा. वहीतली पहिली नोंद तुमच्या घराची असू द्या.