विमानाची नजर हातभरच

विमानातून भूगर्भातील युरेनियम शोधता येते, हे विधान अर्धेच खरे आहे. आणि उरलेले अर्धे सांगण्याचा कंटाळा केला, की आशा व भीती या दोहोंसही मोकळे रान मिळते. अणुखनिज संचालनालय अशी हवाई पाहणी गेली अनेक दशके करीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही २०१७ साली नागपुराहून देशव्यापी पाहणीस आरंभ केला. तेव्हा नंदुरबारसारख्या जिल्ह्याने या नकाशांकडे कसे पाहावे, याचा विचार आताच केलेला बरा.

विमान शंभरेक मीटर उंचीवरून समांतर रेषांत उडते आणि त्यातील सोडियम आयोडाइडचे स्फटिक जमिनीतून येणारे गॅमा किरण टिपतात. युरेनियमचे स्वतःचे किरण दुबळे. म्हणून त्याच्या विघटनातून उपजणाऱ्या बिस्मथ-२१४चे किरण मोजून अंदाज बांधावा लागतो. हे किरण येतात ते वरच्या हातभर मातीखडकातून. त्याखालचे सारे वाटेतच अडते. पावसाने जमीन भिजली, तरी आकडा बदलतो!

सातपुड्याचा येथील भाग बहुतांशी बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्टात युरेनियम अत्यल्प. ग्रॅनाइटात ते कित्येक पटींनी अधिक असते. नंदुरबारचा नकाशा त्यामुळे फिकाच उमटणार. परंतु काळ्या खडकाच्या जाड थरांखाली काय दडले आहे, ते त्यावरून कळत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून, ही म्हण येथे उलटी वाचावी लागते: पोहऱ्यात आले नाही, एवढ्यावरून आड कोरडा ठरत नाही. तसेच एखादा गडद ठिपका म्हणजे खाण नव्हे. पायी तपासणी आणि खोल छिद्रे पाडणे हे काम त्यानंतरचे.

मग घाई कशाची, असे कोणी विचारील. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावांना सरदार सरोवराच्या पाण्याने काय दिले, हे ज्यांना आठवते ते असे विचारणार नाहीत. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेची शिफारस आवश्यक केली, ती गौण खनिजांपुरती. युरेनियम त्यात बसत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. बोलण्याची जागा अशी आक्रसत असता, निदान नकाशा तरी लोकांपुढे यावा. पहिले छिद्र पाडण्यापूर्वी तो ग्रामसभेत मांडून भिली-पावरी भाषांत समजावून द्यावा, आणि तो फिका निघाला तरीही द्यावा, अशी आमची मागणी आहे.