बोट मागू, पण आधी तिची दावण बांधू

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पाच मिनिटं काढून वाचा, कारण विषय आपल्या तालुक्याचा आहे आणि पावसाळ्याच्या आधी बोलण्याचा आहे.

"पाथर्डीला बोट कशाला?" असं कोणी विचारलं की लोक हसतात. हसणं साहजिक आहे. आपली ओळख दुष्काळी तालुका, टँकर आणि ऊसतोडीला जाणारी माणसं. पण ऑगस्ट 2021 च्या शेवटी कोरडगावात काय झालं ते आठवा. शेजारी शेवगाव तालुक्यात नंदिनी नदीने गावं वेढली, तेही आठवा. आणि सप्टेंबर 2025 तर अजून डोळ्यांसमोर आहे. करंजी भागात घरादारात पाणी शिरलं, जनावरं गेली, शेतातली माती वाहून गेली. गर्भगिरीच्या डोंगरावर पाऊस कोसळला की दोन-चार तासांत ओढ्याची नदी होते.

त्यानंतर मागणी सुरू झाली, तालुक्याला स्वतःची बचाव बोट पाहिजे. मागणी रास्त आहे. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते, एसडीआरएफची धुळ्याला. पहिली दीडशे किलोमीटरपेक्षा लांब, दुसरी दोनशेपेक्षा. नगरहून कोणी निघालं तरी पन्नासेक किलोमीटर, आणि वाटेत करंजी घाट. ते येईपर्यंत आपल्याकडचं पाणी ओसरलेलं असतं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. बोट आली, तर ठेवणार कुठे आणि कशावर?

प्रश्न किरकोळ वाटेल. नाहीये. बैल घ्यायचा तर आपण आधी गोठा आणि दावण बघतो. सरकारी वस्तूच्या बाबतीत मात्र आधी वस्तू येते, हार घालून फोटो निघतो, आणि नंतर ती आवारात लिंबाच्या झाडाखाली पडते. एका सरकारी आवारात (नाव घेत नाही) मी अशी बोट डोळ्यांनी पाहिली आहे. वरची ताडपत्री फाटलेली, आत पावसाचं पाणी आणि पाला, एका बाजूची हवा गेलेली. कागदावर ती "उपलब्ध" असणार.

सांगली-कोल्हापूरकडे, कृष्णाकाठच्या गावांना पूर ओळखीचा आहे. तिथे बोट वापरात राहते, हाताळणारे हात तयार असतात. आपल्याकडे ती वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती पडून राहणार, तेही चाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात. म्हणून आपल्यासारख्या कोरड्या तालुक्यात बोट कोणत्या कंपनीची यापेक्षा ती ठेवली कशी याला जास्त महत्त्व आहे. पुराच्या रात्री ती फुगली नाही, तर ती असून नसल्यासारखी.

आता मुद्द्याचं. पुरात वापरायच्या बोटींपैकी दोन जाती बघू. एक रबरी, दोन्ही बाजूंना हवेच्या जाड नळ्या असलेली. दुसरी पाँटून, म्हणजे अॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या बंद पोकळ नळ्यांवर बसवलेला सपाट तराफा. दोन्हींचा जीव नळीत असतो आणि साठवणुकीत दोन्हींची खराबी तिथूनच होते.

पहिली चूक म्हणजे बोट दोन आडव्या पाइपांवर टाकून देणं. सगळं वजन दोन जागी येतं. धातूची नळी तिथे दबते, रबरी नळीला कायमची घडी पडून तिथेच चीर जाते. त्यामुळे स्टँडवर नळीच्या खाली लांबीभर आधार हवा, आणि तोही नळीच्या गोलाईला धरून. त्यावर रबराची पट्टी. गोणपाट किंवा जुनं कार्पेट नको, ते ओल धरतं.

दुसरी चूक म्हणजे इंजिन बोटीलाच लावून ठेवणं. मागच्या फळीवर महिनोन्महिने भार राहतो. इंजिनला वेगळा, उभा स्टँड पाहिजे.

तिसरी चूक म्हणजे टाकी भरून ठेवणं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की खाली वेगळा थर बसतो. असं पेट्रोल ऐनवेळी इंजिन सुरू होऊ देत नाही. टाकी रिकामी ठेवायची, महिन्यातून एकदा इंजिनची खालची बाजू पाण्याच्या पिंपात बुडवून ताज्या पेट्रोलवर दहा मिनिटं चालवायचं. पाण्याशिवाय चालवलं तर ते तापून खराब होतं, हेही लक्षात ठेवायचं.

चौथी चूक जागेची. दहा माणसांची रबरी बोट साधारण पंधरा-सोळा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद असते. "शाळेची जुनी खोली आहे ना, ठेवा तिथे" असं कोणीतरी म्हणणारच. पण खोलीचं दार साडेतीन-चार फुटांचं. मग हवा काढून, गुंडाळून आत कोंबायची. तिथे उंदीर, आणि घड्या पडून वाळलेलं रबर. त्यापेक्षा बाजार समितीच्या शेडसारखी, वर पत्रा आणि बाजूंनी वारा खेळणारी जागा बरी. नळीत थोडी सैल हवा ठेवायची, टणक नाही, कारण उन्हाळ्यात हवा फुगून सांधे उसवतात. स्टँड जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि भिंतीपासून लांब.

माझं मत विचाराल तर आपल्याला नुसता स्टँड नको, चाकांचा स्टँड पाहिजे. म्हणजे बुटकी ट्रॉलीच, जिच्यावर बोट वर्षभर बसेल आणि जी जीपला किंवा ट्रॅक्टरला जोडून दहा मिनिटांत निघेल. हे मुंबईहून मागवायची गरज नाही. आपल्याकडचे वेल्डर उसाच्या ट्रॉल्या बनवतात, त्यांना हे अवघड नाही. चौकोनी पाइप, सगळे कोपरे घासून गोल केलेले, एकही बोल्ट वर आलेला नाही, आणि पाणी निचरायला मागे थोडा उतार. ट्रॉलीवर एक पेटी कायमची बसवायची. तिच्यात लाइफ जॅकेट, दोर, टॉर्च, हवा भरायचा पंप. या वस्तू वेगळ्या खोलीत ठेवल्या तर त्या खोलीची चावी कोणाकडे आहे, यातच रात्र जाईल.

काही जण म्हणतील, बोटीने सगळं होत नाही. बरोबर आहे. 23 मे 2024 ला आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत शोधमोहीम चालू असताना एसडीआरएफचीच बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती तर प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. मग बिनसरावाच्या पोरांच्या हाती, वर्षभर उन्हात वाळलेली बोट देऊन त्यांना लोंढ्यात पाठवणं ही मदत होत नाही, आणखी चार घरांना संकटात टाकणं होतं. वेगाच्या ओढ्यात बोट घालायचीच नाही, दोरच वापरायचा, हे ठरवणाराही शिकलेला माणूस लागतो.

सराव कुठे करायचा? मे महिन्यात आपल्या पाझर तलावात भेगा पडलेल्या असतात. मग मुळा धरणावर किंवा जायकवाडीच्या फुगवट्यावर एक दिवस न्या. चाकांचा स्टँड असेल तर नेणं सोपं, नसेल तर "पुढच्या वर्षी बघू".

जागा एकच नको. ओढे भरले की आपल्या तालुक्याचे तुकडे होतात. एक ट्रॉली पाथर्डीत महामार्गालगत, दुसरी करंजी-तिसगाव बाजूला. आणि दारावर रंगाने तीन जणांचे मोबाइल नंबर लिहिलेले, तिघांकडेही चावी.

खर्च? बोट आणि इंजिनच्या मानाने स्टँडचा खर्च फारच थोडा. तरी तो राहून जातो, कारण स्टँडचं उद्घाटन होत नाही.

म्हणून सांगतो. पुढच्या ग्रामसभेत, तहसीलच्या मान्सूनपूर्व बैठकीत, नाहीतर माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा. आपल्या वाट्याला बोट आहे का, असेल तर आज कुठे आणि कशावर ठेवली आहे? शेवटची पाण्यात कधी उतरवली? रात्री दोन वाजता चावी कोणाकडे? उत्तरं लेखी मागा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 पासून आहे, जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, तयारी ठेवणं हे त्यांचं काम आहे. ते मागणं म्हणजे राजकारण नव्हे.

बोट मागणाऱ्यांच्या निवेदनावर मीही सही करणार आहे. फक्त त्यात एक ओळ वाढवा: बोटीसोबत चाकांचा स्टँड, शेड आणि वर्षातून दोनदा सराव. ही ओळ नसेल तर आपण बोट मागत नाही, भंगार मागतोय.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.