‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधण्याचा ताप मोठा होता; ते तपासण्याचा फारसा नव्हता. भिंतीला पोट आले की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे. तुळईचे लाकूड किडले की भुसा थेट जेवणाच्या ताटात पडून वर्दी देई. सिमेंट-काँक्रीटच्या घराचा स्वभाव असा मोकळा नाही. त्याचे दुखणे आतल्या आत चालते. ओल झिरपत सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलू लागतो. स्लॅबचा पोपडा दिवाणखान्यात पडतो, तेव्हा दुखणे बहुधा काही वर्षांचे जुने झालेले असते.

म्हणून घरालाही वैद्य लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याची तजवीज आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढची असेल तर दर ३ वर्षांनी तिचे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ करून घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे. वार्षिक सभेत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘खर्च किती?’ आणि दुसरा ‘एवढी काय घाई?’ तिसरा प्रश्न निघेपर्यंत चहा येतो.

आता मराठीच्या मास्तराला विटा-सळयांतले काय कळणार, असे कोणी म्हणाल, तर ते अगदी खरे आहे. परंतु प्रत्येक तपासणी शेवटी अहवालात उतरते आणि अहवाल शब्दांचा असतो. एका शब्दाच्या फरकाने चाळीस बिऱ्हाडे घाबरतात, किंवा घाबरायला हवे तेव्हा निर्धास्त झोपतात. तेवढ्यापुरता हा विषय आमच्याही खात्यातला आहे.

आधी पाहण्याची अडचण पाहू. इंजिनियर दारात उभा राहतो तेव्हा आपण त्याला काय दाखवतो? बैठकीची खोली. तिला नुकताच रंग दिलेला असतो.

“काकू, हे कपाट जरा पुढे घेता येईल का?”

“अहो साहेब, ते आमच्या लग्नातलं. अठरा वर्षांत हललेलं नाही! आणि मागे काय असणार? भिंतच की!”

त्या भिंतीवरच पाहायचे ते असते. पण साहेबांना अजून एकतीस घरे पाहायची असतात. पुढच्या घराला कुलूप. त्यापुढच्या घरात छताखाली पीओपीचे दुसरे छत, त्यात लुकलुकते दिवे. खरा स्लॅब कोणी पाहिलेलाच नाही. आणि ज्यांनी स्वयंपाकघर मोठे करताना आतले काही तोडले आहे, ते तर ‘आज पाहुणे आहेत’ म्हणून दार किलकिले करूनच बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, परंतु इमारतीचे खांब सर्वांचे सामाईक असतात. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक चार मजली निवासी इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांनी तिचा आधार दुबळा झाला, असा ठपका तेव्हा ठेवला गेला. वरच्या मजल्यांवरच्यांनी आपापली घरे कितीही नीट ठेवली असती, तरी त्याचा काय उपयोग?

आता लिहिण्याची अडचण. आपल्या भाषेत चीर आहे, भेग आहे, तडा आहे, फट आहे. चीर केसाएवढी, तडा आरपार गेल्याची शंका आणणारा. एवढी शब्दसंपत्ती घरात असताना अहवालात मात्र सगळीकडे ‘क्रॅक’. वाचणारा पहिल्या क्रॅकला दचकतो आणि सतराव्या क्रॅकला जांभई देतो. वास्तविक सगळ्या भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावर नकाशासारखे बारीक जाळे पडते, ते बहुधा गिलावा वाळताना आकसल्याचे. खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली उभी रेघ पुष्कळदा निरुपद्रवी असते. दोन वेगळ्या जातीचे पदार्थ उन्हापावसात वेगवेगळे हलतात, एवढेच. पण बीमच्या पोटाखालून सळईच्या बरोबरीने धावणारी, कडेला तांबूस डाग असलेली भेग दिसली, की चहा बाजूला ठेवावा. जाणता इंजिनियर भेग वाढते आहे का, हेही पाहतो. तिच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालतो, किंवा तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतो. काच तडकली तर भेग चालती आहे.

यंत्रे आहेत, नाही असे नाही. स्प्रिंगची एक हातोडी काँक्रीटवर दाबतात. ती किती उसळते त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. पण तिच्यावरून सांगितलेली मजबुती २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, असे १९९२च्या भारतीय मानकातच नमूद आहे. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा वरचा थर अधिक कठीण होतो, आणि हातोडी म्हातारीला तरुण ठरवते! त्याच थरात सळईला गंजापासून वाचवणारा क्षारधर्म मात्र संपलेला असतो. दुसरी परीक्षा ध्वनिलहरींची. त्यांचा काँक्रीटमधला वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर काँक्रीट उत्कृष्ट, साडेतीनच्या वर चांगले, तीनच्या वर मध्यम, असे त्या वेळच्या मानकाने ठरवले होते. तीनच्या खाली काय? ‘वाईट’ असे त्याने म्हटले नाही. ‘शंकास्पद’ म्हटले, आणि आणखी चाचण्या करा असे सुचवले. इंजिनियरांचा हा संयम आम्हां समीक्षकांना कधी साधेल कोण जाणे!

आमच्या मते साऱ्या अहवालाचे मर्म तीन क्रियापदांत आहे: दिसते, वाटते, करावे. ‘न्हाणीघराच्या छताला ओलीचा डाग दिसतो’ हे निरीक्षण झाले. ‘पाणी वरच्या बाजूने येत असावे’ हा तर्क. ‘वरच्या न्हाणीघरात पाणी साठवून पाहावे’ ही सूचना. ही तीन पावले एकात घुसडून ‘वरच्यांच्या न्हाणीघरामुळे गळती’ असे लिहिले, की दोन कुटुंबांचे बोलणे बंद होते. पाणी मात्र स्लॅबमधून वाट काढत पार दुसऱ्याच नळातून आलेले असू शकते.

आणि चौथे क्रियापद, सर्वांत उपेक्षित: ‘पाहता आले नाही’. खोली क्रमांक अमुक बंद होती, तमुक ठिकाणी छत झाकलेले होते, टाकीच्या आतली बाजू पाहिली नाही, ही यादी ज्या अहवालात नाही तो कितीही गुळगुळीत असला, तरी अपुरा. ‘दिसले नाही’ याचा अर्थ वाचणारा ‘नाही’ असा घेतो, आणि धोका तेथेच असतो.

मोह दोन्ही बाजूंचा असतो. अंगावर येऊ नये म्हणून एखादा प्रत्येक ओळीखाली ‘अधिक तपासणी आवश्यक’ लिहितो. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून दुसरा ‘एकंदरीत समाधानकारक’ लिहून मोकळा होतो. मुंबईत तर या शब्दांना श्रेणी आहेत. ‘सी-१’ म्हणजे इमारत रिकामी करून पाडावी, ‘सी-२’च्या दोन पोटवर्गांत मोठी डागडुजी, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ज्याला इमारत पाडून नवी हवी आहे, त्याला सी-१ हवा असतो. एकदा बाहेर पडलो तर परत येऊ की नाही, या धास्तीने ज्या आजी रात्र रात्र जागतात, त्यांना सी-१ नको असतो. दोघेही आपापला इंजिनियर आणतात. अहवाल परस्परविरोधी निघाले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. काँक्रीटला मात्र कोणाचीच बाजू नसते. म्हणून लिहिणाऱ्याने फी कोण देतो हे विसरावे, आणि वाचणाऱ्याने आपल्याला काय हवे आहे ते.

आपण गृहस्थांनी करावयाचे तसे थोडेच आहे. अहवाल आला की आधी ‘पाहता आले नाही’ ही यादी वाचावी आणि ती बंद दारे उघडून घ्यावीत. प्रत्येक दोषाचे ठिकाण, छायाचित्र आणि तारीख मागावी. कोणते काम या महिन्यात, कोणते पावसाळ्यापूर्वी, कोणते पुढच्या वर्षी, असा क्रम विचारून घ्यावा. नवे घर घेतले असेल, तर २०१६च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष, आपण कळवल्यापासून ३० दिवसांत विकासकाने विनामूल्य दूर करावयाचा असतो. तेव्हा तोंडी कुरकुर न करता पत्र द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

दिवाळीच्या रंगासाठी कारागीर येतो, तेव्हा पुट्टीचा पहिला हात भिंतीवर पडण्याआधी घरातले सर्व कोपरे एकदा नीट पाहून घ्यावेत. कपाट सरकवलेलेच असते. भेग दिसली तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख घालावी, फोटो काढावा आणि सेक्रेटरींना दाखवावा. रंग चार दिवस उशिरा लागला, तरी लक्ष्मी काही परत जात नाही.